घरफाळा दुपटीवर गेला: हरकत घ्या, भरणा मात्र थांबवू नका

प्रश्न: कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं जुनं दुमजली घर आहे. घरफाळा (मालमत्ता कर) 9,400 रुपये यायचा. यंदा विशेष नोटीस आली आणि आकडा 21,600 झाला. नोटिशीत क्षेत्र 1,710 चौरस फूट लिहिलंय, आमच्या मापाने ते 1,350 भरतं. गच्चीवर वाळवणासाठी 18 बाय 20 चं पत्र्याचं शेड आहे, चारी बाजूंनी उघडं. रस्त्याकडची खोली मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने होती. दोन वर्षांपासून तिथे सासूबाई झोपतात. सासरे सैन्यात होते, आता हयात नाहीत. घर अजून आजेसासऱ्यांच्याच नावावर आहे. निकाल लागेपर्यंत पैसे एफडीत ठेवावेत असं यजमान म्हणतात. एक ओळखीचे पाच हजारांत "मिटवून" देतो म्हणतात. काय करावं?

उत्तर: ताई, एफडीचा विचार आधी सोडा. थकलेल्या घरफाळ्यावर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. 21,600 रुपये वर्षभर अडवून ठेवले तर शास्ती 5,184 रुपये. तेच पैसे 7 टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर व्याज 1,512. म्हणजे 3,672 रुपयांचा तोटा, शिवाय लवकर भरणाऱ्याला मिळणारी सूटही गेली. आज ना उद्या अभय योजना येईल या आशेवर पेठांमधली कितीतरी घरं थकबाकीत बसतात. योजना आलीच तरी सवलत बहुधा शास्तीपुरती असते, मूळ रक्कम भरावीच लागते. तेव्हा "हरकत कायम ठेवून भरणा करत आहे" असं पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि पैसे भरा. आकारणी कमी झाली तर जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते.

आता हरकत. नव्या नोंदीची किंवा वाढीव आकारणीची विशेष नोटीस आल्यावर हरकतीला किमान 15 दिवस मिळतात. शेवटची तारीख नोटिशीवर छापलेली असते, ती आजच पाहून ठेवा. मोजमापाचे कागद माहिती अधिकारात मागवून मग अर्ज करू म्हणाल तर त्या उत्तरालाच 30 दिवस लागतील आणि मुदत निघून जाईल. आधी अर्ज द्या, कागद मागाहून जोडा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी तुमचा भाग ज्या विभागीय कार्यालयाकडे येतो, तिथल्या घरफाळा विभागात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्जात "परवडत नाही" किंवा "घरात म्हातारी माणसं आहेत" हे लिहून उपयोग होत नाही, कारण सुनावणीत फक्त नोंद चूक की बरोबर एवढंच तपासलं जातं. घरफाळा ज्यावर आकारतात ते घराचं भांडवली मूल्य ठरतं ते रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेल्या बाजारभावाचा) दर, क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वापर आणि इमारतीचं वय यांवरून. दर तुम्हाला बदलता येणार नाही. बाकीच्या चारही गोष्टी पुराव्याने बदलता येतात.

तुमच्या आकड्यांत चूक उघड दिसते. 1,710 मधून 1,350 वजा केले की 360 उरतात, आणि 18 बाय 20 म्हणजेही 360. शेड घराच्या क्षेत्रात धरलं गेलंय. चारी बाजूंचे फोटो आणि मोजमापाचा साधा नकाशा जोडा, आणि तुमच्या समक्ष फेरमोजणी मागा. मात्र एक सावधगिरी. शेडला कुठेही भिंत उचललेली असेल तर आधी वास्तुविशारदाला दाखवा. अनधिकृत बांधकामावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267अ खाली दुप्पट करापर्यंत शास्ती बसू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

मग बिलाच्या तपशिलात "रोजगार हमी कर" अशी ओळ आहे का बघा. हा उपकर फक्त बिगरनिवासी वापरावर लागतो. ती ओळ असेल तर सासूबाईंची खोली कागदावर अजून दुकानच आहे. भाडेकरार संपल्याचा कागद, दुकानाची नोंदणी रद्द केल्याची पोच आणि महावितरणचं बिल जोडा. बहुतेकांचं घोडं अडतं ते या बिलावरच. खोलीचं मीटर अजून वाणिज्यिक वर्गवारीत असेल तर तोंडी कितीही सांगा, कोणी मानणार नाही. मीटर घरगुती करण्याचा अर्ज आधी करा आणि त्याची पोच लावा. भिंती मातीच्या किंवा दगडी असून नोंद आरसीसीची असेल, तर तेही वेगळा मुद्दा करून लिहा.

मुदत हुकलीच तर नोंद दुरुस्तीचा अर्ज त्याच आर्थिक वर्षात करता येतो, पण अपिलाचा रस्ता अवघड होतो. त्याच अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायालयात जायचं तर आधी हरकत घेतलेली आणि निकाली निघालेली असावी लागते, निकालापासून 15 दिवसांत अपील करावं लागतं आणि वादातली रक्कम भरलेली असावी लागते. शेड आणि खोली या दोन्ही नोंदी दुरुस्त झाल्या तर थोड्या फरकासाठी वकिलाची फी घालू नका. दोन्ही फेटाळल्या तर फरक दरवर्षी बसणार आहे, तेव्हा अपिलाचा विचार जरूर करा.

सगळ्यात मोठी बचत मात्र तुम्ही ओझरत्या उल्लेखात ठेवलीत. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारने 2020 मध्ये मालमत्ता करात माफी लागू केली. ती राज्यातल्या एकाच निवासी मिळकतीला मिळते आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. तुमची अडचण नावाची आहे. घर आजेसासऱ्यांच्या नावावर असेपर्यंत सासूबाईंचा हक्क कागदावर दिसत नाही. म्हणून नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घ्या, मग घरफाळ्याला नाव लावा. इतर वारस असतील तर त्यांच्याशी आधीच बोला, कारण एका वारसाने सही अडवली तर महिने जातात. माफी मंजूर झाली की कोणते कर माफ आणि कोणते चालू हे आदेशात लिहून घ्या. खोलीवर दुकानाची नोंद राहिली तर तेवढ्या भागाला माफी मागणं कठीण, म्हणून ती हरकत इथेही कामाची आहे.

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे, पुण्यात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सूट आहे, असं नातेवाईक सांगतील. त्या सवलती त्या शहरांपुरत्या आहेत, अर्जात त्यांचा दाखला देऊ नका.

पाच हजारवाल्यांना नाही म्हणा. अर्जाला वकील लागत नाही आणि त्यांच्या "मिटवण्या"ची पावती तुमच्या हाती येणार नाही. पुढे नोंद तपासली गेली तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल.

खोली पुन्हा भाड्याने द्यायचा विचार असेल तर माफी मंजूर होईपर्यंत थांबा. नंतर दिलीच, तर प्राप्तिकराच्या हिशोबात त्या खोलीच्या वाट्याचा प्रत्यक्ष भरलेला घरफाळा भाड्यातून वजा होतो आणि उरलेल्यावर 30 टक्के वजावट मिळते. त्यासाठी घरफाळ्याची पावती भाडं घेणाऱ्या मालकाच्या नावाची असू द्या.