तिसरा उद्गार

"मॅडम, आई आता सुटावी असं मनात येतं. पापच ना हे?"

उत्तम शुक्रवारला, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन आठवडे होते. भायखळ्याला राहणारी, शाळेत शिकवणारी पन्नाशीची ही बाई माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत सारखी घड्याळाकडे बघत होती. शेजारणीला तासाभराचंच सांगून आली होती. (ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.) आईला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झालेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे हिलाही सलग झोप नाही. आदल्या आठवड्यात आईने औषध थुंकून टाकलं, तेव्हा हिने तिचा दंड असा आवळला की वळ उठला. हे सांगताना ती रडली नाही, स्वतःचाच दंड चोळत राहिली.

पुण्यातला भाऊ पैसे द्यायला तयार होता. ब्युरोतून रात्रीची बाई ठेव, असं त्याचं म्हणणं. ही नकोच म्हणायची.

"हा माझा वधस्तंभ आहे. बायबलात आहे, लूक नऊ-तेवीस. दररोज उचलायचा असतो."

'सुटावी' या विचाराचं मी लगेच सांगून टाकलं. दुखणाईताची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या कितीतरी माणसांनी या खुर्चीत बसून हेच वाक्य म्हटलंय, बहुतेकांनी आवाज खाली आणून. यातना संपाव्यात असं वाटणं वेगळं, माणूस नकोसं होणं वेगळं. दंडावरचा वळ मात्र मी सोडून दिला नाही. तो थकव्याचा इशारा होता, आणि पुढच्या वेळी वळावर भागेलच असं नव्हतं.

मग माझी चूक झाली. "वधस्तंभ म्हणजे नुसतं सोसणं नव्हे," असं मी बोलून गेले. ती ताठ झाली. "तुम्ही ख्रिस्ती नाही." खरंच होतं. माझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणी त्याला क्रूस म्हणतात आणि यांच्या मंडळीत वधस्तंभ म्हणतात, माझं ज्ञान जवळपास तेवढंच. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा मला."

तिने सांगितलं. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना असते, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तिचं पूर्वी दोनदा बोलून झालंय. सातही उद्गार तिला पाठ. "त्यांना क्षमा कर"पासून तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. तिसऱ्याला मी थांबवलं आणि पुन्हा म्हणायला सांगितलं.

"बाई, पाहा, हा तुझा मुलगा. मग शिष्याला म्हणाला, पाहा, ही तुझी आई."

"पुढे?"

"त्या वेळेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं." तिचं बोट तिथेच राहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आईची सोय लावली त्याने."

मी काही बोलले नाही. पाचवा उद्गार तिने स्वतःच घेतला, "मला तहान लागली आहे", आणि थोडं चिडूनच म्हणाली, "हो, मागितलं त्यानेही." आणि ज्याला जबरदस्तीने येशूचा वधस्तंभ वाहायला लावलं तो कुरेनेकर शिमोन? त्याच्यावर तर तिने रविवारच्या शाळेत मुलांकडून नाटुकलं बसवून घेतलं होतं!

तरी शंका उरलीच. मदत घेतली तर देवाला दिलेलं कमी पडेल का? इथे माझं काम संपतं. हा प्रश्न तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारा, म्हटलं. पुढच्या भेटीत तिने त्यांचं उत्तर आणलं. सहावा उद्गार "पूर्ण झाले आहे". पापाची भरपाई ख्रिस्ताने एकदाच केली, त्यात तुझे हप्ते चालत नाहीत. आपला वधस्तंभ उचलायचा तो त्याच्यामागे चालण्यासाठी, ते कर्ज फेडायला नव्हे. आईची सेवा प्रेमाने कर, शिक्षा म्हणून करू नकोस. मला हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

रात्रीची बाई ठेवायला तिने आणखी दहा दिवस घेतले. पहिल्या दोन रात्री दाराआडून बघत जागीच होती.

ईस्टरला भाऊ तीन दिवस मुक्कामाला आला. सोमवारी तिचा मेसेज: "पहाटेच्या उपासनेला गेले होते. घरी आले तर दादाने आईला डायपर उलटा लावलेला. काही बोलले नाही. झोपले."