सगळं देवाने आधीच ठरवलं असेल, तर माणसाच्या निवडीला काय अर्थ?

आमच्या जालन्याकडे पावसाने दगा दिला की चर्चच्या मंडळीत हा प्रश्न निघतोच. दुष्काळही देवाचीच इच्छा, मग आपण काय करायचं?

बायबल दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतं. प्रेषितांची कृत्ये 2:23 काढून बघा. येशूला धरून देणं देवाच्या ठाम संकल्पानुसार झालं, असं येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, आणि तिथेच समोरच्यांना सुनावतो की त्याला मारलं तुम्ही. देवाची योजना होती म्हणून मारणारे सुटत नाहीत. भावांनी गुलाम म्हणून विकलेला योसेफही त्यांना असंच सांगतो (उत्पत्ती 50:20): तुम्ही माझं वाईट योजलं, देवाने त्यातूनच चांगलं योजलं.

हे जुळतं कसं, यावर मात्र जुना वाद आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेत विश्वाससुद्धा देवाच्या निवडीतून येतो. नंतरचा डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियस याच्या मते कृपा देवच आधी देतो, पण माणूस ती नाकारू शकतो. नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथल्या चर्च-परिषदेने (1618-19) हे मत फेटाळलं, तरी पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीने ते उचललं. एकोणिसाव्या शतकातले मिशनरी नारायण शेषाद्री यांनी जालन्यात काम केलं ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे कॅल्व्हिनच्या वाटेचं.

मला दोन्ही बाजूंबद्दल आदर आहे. पण "देवाची इच्छा" म्हणत हातावर हात ठेवून बसणं दोघांनाही मान्य नाही, हे आपल्याकडे फार विसरलं जातं. फिलिप्पैकरांस पत्रातली 2:12 आणि 2:13 ही वचनं एकत्रच वाचा, मधे थांबू नका: आधी म्हटलंय आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच पुढे, तुमच्यात काम करणारा देवच आहे.