कालव्याकडेची चार मीटर जागा, चालणाऱ्यांची की सायकलवाल्यांची?

प्रश्न : सिंहगड रोडला आमच्या सोसायट्यांच्या मागे कालव्याकडेनं साधारण चार मीटरचा कच्चा पट्टा आहे. ज्येष्ठ मंडळींना तिथे वॉकिंग ट्रॅक हवाय, आम्हाला मुलांना सायकलवरून शाळेत पाठवायचंय. मीटिंगमध्ये मधोमध पांढरी रेघ मारून निम्मं-निम्मं करायचं चाललंय. शिवाय टू-व्हीलरवाले शॉर्टकट म्हणून आत्ताच घुसतात, त्यांना कसं थांबवायचं?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, ती रेघ मारू नका, अगदी मनापासून सांगते. एकीकडे कालव्याचं रेलिंग, दुसरीकडे सोसायटीची भिंत, दोन्हींना खेटून कोणी चालत नाही, दिव्याचे खांबही त्या कडेलाच येणार, म्हणजे खरे हातात राहतात तीन मीटर. त्यात रेघ मारली की दीड मीटरमध्ये दोन आज्या गप्पा मारत निघाल्या तरी एकीचा पाय पलीकडे पडणार आणि सायकलवाल्याला वाटणार ही माझी लेन, तो कशाला ब्रेक दाबेल? चालणारा तासाला पाचेक किलोमीटरनं जातो, सायकल सहज पंधरानं. इतक्या कमी जागेत सगळी रुंदी सगळ्यांची आणि पहिला मान चालणाऱ्याचा, असंच ठेवा. चालणाऱ्यांना सांभाळत हळू जायचा वेग शाळेच्या मुलांना पुरतो. ज्यांना जोरात जायचंय त्यांच्यासाठी मेन रोडवर वेगळा सलग ट्रॅक मागा, मनपानं 2017 मध्ये मंजूर केलेला सायकल आराखडा आहे, त्याचा आधार घ्या.

आता टू-व्हीलर. इथे खोटा दिलासा देणार नाही. ज्या फटीतून व्हीलचेअर जाते त्या फटीतून स्कूटर पण जाते, त्यामुळे बोलार्डनं, म्हणजे वाटेच्या तोंडाशी रोवलेल्या बुटक्या खांबांनी, रिक्षा आणि गाड्या अडतील, स्कूटर नाही. लोक मग नागमोडी लोखंडी गेट लावतात आणि त्यात व्हीलचेअरवाले, बाबागाडी ढकलणारी आई हेच अडकतात, स्कूटरवाला दुसरीकडून वाट काढतोच. त्यापेक्षा तोंडाशीच वळण द्या, तिथे भरपूर उजेड ठेवा, बाकं तिथेच टाका म्हणजे माणसांचा वावर राहील, आणि सुरुवातीचे काही आठवडे गर्दीच्या वेळी ट्रॅफिक पोलीस उभा राहील असं आधीच लेखी मागून घ्या. सवय सुरुवातीलाच मोडली तर मोडते.

आणि हे सगळं करायच्या आधी जागा कोणाची ते बघा. कालवा जलसंपदा विभागाचा, मनपाला त्यांचं ना-हरकत लागतं. 2018 च्या सप्टेंबरमध्ये दांडेकर पुलाजवळ हाच कालवा फुटून वस्तीत पाणी घुसलं होतं, त्यामुळे दुरुस्तीच्या गाड्यांसाठीची वाट ते सोडणार नाहीत आणि सोडूही नये. म्हणून मधला बोलार्ड कुलूप काढून उचलता येईल असाच घ्या, खालचा थरही जेसीबीचं वजन पेलेल असा मागा.

पेव्हर ब्लॉकला मात्र ठाम नाही म्हणा. ते खचतात, उखडतात, सायकलला हादरे बसतात आणि काठी टेकत चालणाऱ्यांना ठेच लागते. सलग डांबर किंवा खरखरीत फिनिशचं काँक्रीट चांगलं.

मनपाच्या सहभागी अर्थसंकल्पात नागरिकांना दरवर्षी कामं सुचवता येतात, तिथे दिवे, बाकं, बोलार्ड अशी छोटी कामं टाका, अख्ख्या रस्त्याला ती रक्कम पुरणार नाही. अर्जासोबत आकडे जोडा : एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास बसून चालणारे, सायकली आणि टू-व्हीलर वेगवेगळ्या मोजा, मोजायला ज्येष्ठ मंडळी आणि शाळेची मुलं एकत्रच बसवा.