जोन ऑफ आर्कने खरंच सैन्याचं नेतृत्व केलं होतं का?

हो. डावपेच बरेचदा अनुभवी सरदार आखत, पण इंग्रजांशी लढून खचलेल्या फ्रेंच सैन्यात जीव ओतला तो जोननेच, आणि माझ्या मते हेच खरं नेतृत्व. दोंरेमी गावच्या या शेतकऱ्याच्या मुलीला तेराव्या वर्षी वडिलांच्या बागेत पहिल्यांदा दैवी आवाज ऐकू आला. ७ मे १४२९ ला, इंग्रजांनी वेढलेल्या ऑर्लेआं या फ्रेंच शहराच्या लढाईत तिच्या मान आणि खांद्याच्या मध्ये बाण घुसला, तरी संध्याकाळी ती निशाण घेऊन पुन्हा तटाशी हजर! शिपाई त्वेषाने चढले, दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी वेढा उठवला. तलवारीपेक्षा निशाण आपल्याला चाळीस पटीने प्रिय, असं तिनेच पुढे तिच्यावरच्या धर्मद्रोहाच्या खटल्यात सांगितलं. त्याच खटल्यात दोषी ठरवून १४३१ मध्ये फ्रान्समधल्या रुआंला तिला जिवंत जाळलं. वय जेमतेम १९.