सातव्या महिन्यातलं चोंदलेलं नाक आणि लपवलेलं घोरणं

आमच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांची तपासणी झाली की बायका माझ्या खोलीत येतात. आत विचारायचं राहून गेलेलं बरंच काही इथे निघतं. ही गोष्ट अशाच एका प्राथमिक शिक्षिकेची. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, त्रास मात्र तोच आहे.

सातवा लागलेला. सोबत सासूबाई. बसल्या बसल्या तिनं तोंडानं दोन-चार श्वास घेतले आणि म्हणाली, "मॅडम, दोन महिने झाले, नाक उघडतच नाही. ताप नाही, शिंका नाहीत, खोकला नाही. मलाच श्वास पुरत नाही, तर बाळाला काय पुरणार?"

सासूबाईंचं निदान तयार होतं. "रात्री दही खाते. कितीदा सांगितलं."

दह्याचा यात काही दोष नाही, हे मी आधी त्यांना सांगितलं. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. वारेतून आणि अंडाशयातून येणारी संप्रेरकं रक्तवाहिन्या सैल करतात. बांगड्या घट्ट होतात, चप्पल पायात शिरत नाही, हे सगळ्यांना दिसतं. नाकाच्या आतलं अस्तर म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंच. तेही असंच फुगतं, आणि मुळात अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. घशाचं आणि स्वरयंत्राचं अस्तरही सुजतं, म्हणून काहींचा आवाज जाडसर होतो. हिरड्यांतून रक्त येतं तेही याच कारणानं. सर्दी किंवा ॲलर्जी नसताना सहा आठवड्यांहून जास्त नाक चोंदलं, तर डॉक्टर त्याला प्रेग्नन्सी ऱ्हायनायटिस म्हणतात. साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो.

"मग दोनदा घोळणा फुटला तो?" सासूबाईंनी विचारलं. तोही यातलाच. त्यांनी सुनेला उताणं झोपवून कांदा हुंगायला दिला होता. उताणं झोपवलं की रक्त घशात उतरतं आणि उलटी होते. बसून, किंचित पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग चिमटीत 10 ते 15 मिनिटं धरायचा. मध्येच सोडून बघायचं नाही. अर्ध्या तासातही थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा.

आता बाळाच्या श्वासाचं. तिच्या घरी करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर होता. आकडा 98 यायचा, पण तिचा त्यावर विश्वास नव्हता. मी तिला म्हटलं, "तुमचं शरीर आधीच दोघांचा हिशोब करतंय." प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो. एरवी एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा जाते. गरोदरपणात त्याहून तिसरा हिस्सा तरी जास्त जाते. श्वासपटल वर सरकतं, म्हणून बरगड्या बाहेर फाकतात. बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही वेगळं असतं, ते आईच्या रक्तातला ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं. नाक बंद झालं तरी तोंडानं हवा आत जातेच. तिला दम लागल्यासारखं वाटत होतं ते खोटं नव्हतं. फक्त त्याचा अर्थ बाळ गुदमरतंय असा नव्हता.

ती जरा सैलावली, तशी पर्समधून एक बाटली निघाली. नाक मोकळं करायचे थेंब, पाच आठवडे, रोज तीन-चारदा. औषधाच्या दुकानातून घेतलेले, कोणालाही न सांगता. हे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर घातले की उलटतात: असर ओसरला की अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं आणि पुन्हा बाटली लागते. तिच्या चोंदलेल्या नाकात बराच वाटा त्या बाटलीचा होता. डॉक्टरांनी ती बंद केली, आधी एका नाकपुडीत, मग दुसऱ्या. त्याऐवजी औषधी मिठाच्या पाण्याचे थेंब, उशाशी उंचवटा आणि डाव्या कुशीवर झोप.

पण माझं मन दुसरीकडेच अडकलं होतं. "झोप कशी लागते?" असं विचारल्यावर तिनं आधी सासूबाईंकडे बघितलं होतं आणि "बरी" म्हणून विषय संपवला होता. फाइलवर शिक्का आणायला मी सासूबाईंना बाहेर पाठवलं. दार लागलं तशी ती रडायला लागली.

"मी घोरते, मॅडम. आधी कधीच नव्हते घोरत. हे काही बोलत नाहीत, उशी घेऊन हॉलमध्ये जातात. म्हणून सगळे झोपल्यावरच मी आडवी होते." वर्गात पोरांना शुद्धलेखन घातलं की खुर्चीतच डोळा लागायचा.

पुरुष घोरला तर दमून आला म्हणतात. बाई घोरली तर तिला लाज वाटते, आणि ती लाज इतकी मोठी होते की डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोचतच नाही. गरोदरपणात नव्यानं सुरू झालेलं घोरणं सांगायलाच हवं. बहुतेकींना त्यातून काही होत नाही. पण अशा बायकांमध्ये रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त आढळतं. काहींचा श्वास झोपेत मध्ये मध्ये अडकतो, त्याला वेगळे उपचार लागतात. मी पूर्वी झोपेबद्दल विचारायचे, घोरण्याबद्दल नाही. आता थेट विचारते, आणि सोबतची माणसं बाहेर असताना विचारते.

तिच्या नवऱ्याला मी एक काम दिलं. हॉलमध्ये न जाता दोन रात्री जवळ थांबायचं, फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि लक्ष ठेवायचं: घोरणं अचानक थांबून काही सेकंद शांतता, मग धाप लागल्यासारखा श्वास, असं होतं का? तसं झालं नाही. रक्तदाब मात्र 136/88 भरला. 140/90 या धोक्याच्या रेषेच्या आतला, तरी डॉक्टरांनी लघवीतली प्रथिनं तपासली आणि दर आठवड्याला बोलावलं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, चेहरा सुजला, छातीत दुखलं किंवा आडवं पडल्यावर धाप लागली तर त्याच दिवशी यायचं, हे दोघांना बसवून सांगितलं. घोरण्याची नोंद फाइलवर ठळक केली, कारण सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला ते आधी कळलेलं हवं. सुजलेल्या घशातून नळी घालणं एरवीपेक्षा अवघड जातं.

बाटली सुटायला दहा-बारा दिवस लागले. घोरणं पुरतं गेलं नाही, पण नवरा खोलीत परतला आणि ती वेळेवर झोपू लागली. रक्तदाब शेवटपर्यंत 140 च्या खाली राहिला. नैसर्गिक बाळंतपण झालं.

बारशाच्या दिवशी तिचा फोन आला. नाक मोकळं झालं होतं, डिंकाच्या लाडवांचा वास येत होता. काळजी मात्र नवी होती: "बाळाचं नाक घुरघुर वाजतं." नवजात बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात आणि ती वाट फार बारीक असते, म्हणून आवाज येतो. अंगावर नीट पितंय, छाती आत ओढली जात नाही, ओठ निळे पडत नाहीत, तोवर घाबरायचं कारण नसतं. मग मी विचारलं, "न्हाऊ घालताना नाकात तेल सोडता का?" ती गप्प झाली. "सासूबाईंना फोन द्या," मी म्हटलं, आणि ते तेल फुप्फुसात गेलं तर काय होतं, हे त्यांना सावकाश समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कानात घालू का?" तिथेही नको होतं. आमचं बोलणं आणखी वीस मिनिटं चाललं.