वडील दारू पितात अशा विद्यार्थ्याला शिक्षकाने कसे समजून घ्यावे?

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळण्यात गुंतलेली असते, तिथे शिकवताना मला उमगले की अशी मुले खोड्यांपेक्षा वयाला न शोभणाऱ्या समजूतदारपणामुळेच अधिक लक्षात येतात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला डुलक्या घेणारी सातवीतली मुलगी रात्रभर धाकट्या भावाला घेऊन शेजाऱ्यांकडे बसली होती, हे मला उशिरा कळले. तोवर मी तिला दोनदा उभे केले होते. चारचौघांत चौकशी करू नये, वडिलांची निंदा तर मुळीच नको, कारण मूल त्यांचीच बाजू घेते व पुन्हा बोलत नाही. गृहपाठ शाळेतच करून घ्यावा. मारहाणीची शंका आल्यास मात्र मुख्याध्यापकांना सांगून १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर निःसंकोच कळवावे.