गायिकेची 'कारकीर्द' म्हणावं का?

प्रश्न असा: अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिनवर लिहिताना 'गायिकेची कारकीर्द' चालेल का? कारकीर्द राजाची, नाहीतर कलेक्टरची. शिवाय हा शब्द 'करिअर'वरूनच बेतलाय की काय?

आधी शेवटचं. कारकीर्द फारसीतली. 'कार' म्हणजे काम, 'कर्द' म्हणजे केलं. 'करिअर'शी कानाला जुळते एवढंच. जुन्या वापरात ती सत्ताकाळाची, हे मात्र खरं: शाहू महाराजांची कारकीर्द, अमुक दिवाणाची कारकीर्द. खेळाडू आणि कलावंत तिचे मानकरी नंतर झाले.

दोन्ही शब्द वापरून बघा. मुलगी म्हणते, "मला गाण्यात करिअर करायचंय." कारकीर्द 'करायची' आहे असं कुणी म्हणत नाही. ती घडते, बहरते, गाजते, आणि बहुधा मागे वळून पाहतानाच दिसते.

अरिथाबाईंच्या बाबतीत तर जुना अर्थही शोभतो. डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या चर्चमध्ये गाणारी ही मुलगी 1960 मध्ये, अठराव्या वर्षी, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत गेली. तिथे तिच्याकडून जॅझ आणि जुनी लोकप्रिय गाणी गाऊन घेतली. 1964 मध्ये गायिका डायना वॉशिंग्टनला वाहिलेली एक अख्खी तबकडी निघाली. गाणं उत्तम, पण मोठं यश हुलकावणी देत राहिलं. या वर्षांना मी 'उमेदवारी' म्हणेन. मग अटलांटिक कंपनी, आणि 1967 मध्ये 'रिस्पेक्ट'. गाणं मूळ गायक ओटिस रेडिंगचं, पुरुषाच्या तोंडचं; हिने ते बाईच्या तोंडी दिलं आणि आर-ई-एस-पी-ई-सी-टी अशी अक्षरं सुटी करून ठणकावली. पुढे शिकागोच्या रंगमंचावर एका रेडिओ निवेदकाने तिला 'क्वीन ऑफ सोल' म्हणून डोक्यावर खराखुरा मुकुट ठेवला. राणी म्हटल्यावर कारकीर्द नको तर काय? 2018 मध्ये ती गेली तरी पदवी तिच्याकडेच आहे.

'सोल'चं 'आत्मसंगीत' मात्र करू नका, वाचक भजन समजेल. चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यातून आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेकेदार संगीतातून घडलेल्या या गायकीचं तेच नाव आहे; आपण ठुमरीचं भाषांतर करतो का? फक्त 'सोलची राणी' लिहिलंत तर चपलेचं दुकान आठवतं. 'सोल संगीताची राणी' लिहा.

आणि हो, 'कारकीर्द'मधली 'की' दीर्घ, पण 'कारकिर्दीत' लिहिताना 'कि' ऱ्हस्व. गरीब-गरिबाला, तसंच.